मॅडमचं स्टँडबाय

कुणी भराभर बोलायला लागलं की मॅडम उजवा तळहात वर करायच्या आणि म्हणायच्या, "स्टँडबाय." सोसायटीच्या सेक्रेटरीला, फोनवरच्या कर्जवाल्यांना, माझ्या आईलासुद्धा. तुमच्याही सोसायटीत अशी एखादी बाई असेल. लोक तिला खडूस म्हणत असतील.

मॅडम हवाई दलात मालवाहू विमान चालवायच्या. निवृत्तीनंतर नेरुळला एकट्या राहत. आई त्यांच्याकडे पोळ्या करायची. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच, म्हणून आईने माझी एकांकिका कौतुकाने त्यांच्यापुढे ठेवली. विमानाला आग लागते आणि पायलट रेडिओवर बोलतो. बोलतो म्हणजे पानभर.

मॅडमनी ती वाचली आणि गॅसवर दूध ठेवलं.

"हे तुझं विमान. उतू जाऊ द्यायचं नाही. आता पायलटचं भाषण म्हण. मी कंट्रोल टॉवर."

मी सुरुवात केली. त्या मध्येच विचारू लागल्या, "आत माणसं किती? इंधन किती? कुठे उतरणार?" मी गोंधळून कागदात उत्तरं शोधत राहिले आणि दूध शेगडीभर झालं.

"मॅडम, अर्धा लिटर गेलं की ओ!" आई ओरडली.

"विमान गेलं, सुमन. दुधाचं काय घेऊन बसलीस?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आधी विमान सांभाळायचं. टॉवर विचारेना का! म्हणायचं, स्टँडबाय. हात मोकळा झाला की सांगायचं: काय झालं, काय करतोय, काय हवं. बस्स."

"पण मॅडम, त्याला भीती... म्हणजे, घरची आठवण वगैरे..."

"येते ना. रेडिओवर नाही येत."

"तुमच्यावर आली होती अशी वेळ?"

"एकदा. एक इंजिन बंद पडलं."

"मग?"

"उतरलो. चहा प्यायलो. साखर फार होती."

मी ते पान फाडलं. आता पायलट 'स्टँडबाय' एवढंच म्हणायचा आणि मग बराच वेळ शांतता. कॉलेजतर्फे स्पर्धेसाठी ती बसवणारा दिग्दर्शक भडकला. "टाळी कुठे घ्यायची? भाषण घाल, नाहीतर दुसरी एकांकिका बसवतो."

मी मॅडमना हे सांगितलं.

"भाषणं जमिनीवरची माणसं करतात," त्या म्हणाल्या. "घालू नकोस. पहिल्या रांगेत माझी खुर्ची ठेव."

स्पर्धेआधीच त्या हॉस्पिटलात गेल्या. आम्ही भेटायला गेलो तेव्हा त्यांचा पुण्याचा मुलगा समजावत होता, "आई, फ्लॅट विकू, आता पुण्याला चल." सलाईन लावलेला हात वर जाईना. तळहात तेवढा गादीवरून उचलला गेला.

"स्टँडबाय."

त्या पुण्याला गेल्या नाहीत. घरीही आल्या नाहीत.

स्पर्धेत पायलट 'स्टँडबाय' म्हणाला आणि शांतता पसरली. विंगेत माझ्या शेजारी दिग्दर्शक लॅपटॉप घेऊन उभा होता. जुनं भाषण त्याने स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून आणलं होतं.

"मेला प्रयोग," तो कुजबुजला. "लावतो मी."

त्याचं बोट बटणाकडे गेलं. माझा हात वर गेला होता, तळहात त्याच्या तोंडासमोर.

"स्टँडबाय," मी म्हटलं.

तो थांबला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती, आणि त्या अख्ख्या नाट्यगृहात कुणी खोकतसुद्धा नव्हतं.