दाजींची अर्धी दाढी

आमचे दाजी, म्हणजे ताईचा नवरा, न्हावी. माणूस गरीब गाय. ते सरकारशी भांडतील असं कोणी म्हटलं असतं, तर मी त्यालाच वैद्याकडे नेलं असतं.

निषेध म्हणून लोक दुकानं बंद ठेवू लागले, तेव्हा परक्या सरकारने कायदाच काढला: दुकान बंद ठेवील त्याचा परवाना रद्द, वर तुरुंग. लाटसाहेब येणार त्या दिवशी तर झाडून सगळी दारं उघडी हवीत. दाजी म्हणाले, "उघडं ठेवू की. काम पुरं करा असं कुठे म्हटलंय?" म्हणजे एकाच गालाची दाढी करायची, दुसऱ्याची साहेब गेल्यावर.

मी म्हटलं, "दाजी, हे हात दाखवून अवलक्षण आहे." त्यांनी माझ्याच गालाला साबण लावला.

आणि घोटाळा झाला. उजवा गाल झाला, बोलता बोलता डावाही. अर्धं काम त्या हाताला ठाऊकच नव्हतं. शेवटी ताई मागे उभी राहिली. वस्तरा हनुवटीशी आला की ती त्यांचा सदरा ओढायची. दुपारपर्यंत निम्मा बाजार एका गालाने हिंडत होता. पहाऱ्यावरचे दोन शिपाईही हौसेने बसले आणि अर्धे होऊन उठले.

मग फौजदार आला. त्याला स्वागताला जायचं होतं. खुर्चीत बसत म्हणाला, "पूर्ण कर. नाहीतर परवाना गेला समज."

दुकान गेलं तर घरची चूल विझणार, हे आम्हा तिघांनाही कळत होतं. उजवा गाल झाला. वस्तरा हनुवटीशी आला, आणि ताईने सदरा ओढला नाही. दोन्ही हात तिने पाठीमागे घट्ट धरले होते. सवयीने हात पुढे जाईल, दुकान वाचेल, दोष कुणालाच नाही. खरं सांगतो, मीही देवाकडे तेच मागत होतो.

वस्तरा आपणहून थांबला. दाजींनी तो पुसून मिटला. "बाकीची उद्या, साहेब."

"धरा याला," फौजदार ओरडला. पण शिपाई आत येईनात. अर्ध्या दाढीने फौजदाराला तोंड कसं दाखवणार? मग दाजीच चपला घालून चौकीकडे निघाले. दाराशी थांबून ताईला म्हणाले, "सदरा ओढायला विसरलीस."

"विसरले नाही," ताई म्हणाली. "मुद्दामच नाही ओढला."

"वाटलंच होतं. म्हणून लक्ष ठेवून होतो."

ताईने फौजदाराला फेसासकट बाहेर काढलं, दुकानाला भरदिवसा कुलूप घातलं, आणि दाजींच्या मागोमाग चौकीची वाट धरली.