दक्षिणेकडून आलेला फोन

पुऱ्या भंडारा जिल्ह्यातून अंटार्क्टिकाले, पृथ्वीच्या पार बुडाशी, सगळ्यात पयले गेलो तो मी. गेलो ते भांडे घासाले.

शाळा म्या बाहेरूनच पाहिली. फौजेच्या लंगरात, म्हंजे सैपाकघरात, होतो. संशोधन शास्त्रज्ञायचं, घरं बांधनं अन् पोट भरनं फौजेचं, असा दिल्लीच्या हापिसाचा कायदा. आधी डाक्टरनं तपासलं, मंग हिमालयात बर्फावर चालाले शिकवलं. तिथं मी चाललो कमी, घसरलो जास्त. मंग गोव्याहून जहाज. उन्हाळा सरला का जहाज वापस ये, अन् थोडे लोकं हिवाळाभर तिथंच राहत. राहनाऱ्यायत माझं नाव आलं. चांगलं रांधनारे वापस नेले असतीन.

हिवाळ्यात तिथं सूर्य उगवतच नाही. बाहेर दोर धरून चाला लागे. आमच्या साहेबानं नाव घेतलं का पयल्याच हाकेले ओ द्याची, नाही तं मानूस हरपला समजून सारे शोधाले निघत. वाऱ्यात कोनीतरी बोलून राहिल्यासारखं वाटे. मले त्यात माय ऐकू ये, "जेवाले ये" म्हने. एकडाव म्या दार उघडून पाहिलं. दोराच्या पुढं काहीच नोहतं. मी निघालो तवाच माय खोकत होती. मनात बसलं, माय गेली.

घरी बोलाची सोय हापिसानं केली होती. आमचा रेडिओ दिल्लीले लागे, दिल्लीवाला ट्रंककॉलनं घरच्यायले जोडून दे. माझी पाळी आली. भाऊ मायले अड्याळहून एस्टीनं भंडाऱ्याच्या तारहापिसात आननार होता.

"माय," म्हटलं अन् बटन सोडलं. सोडल्याबिगर तिकडचं ऐकू येत नाही.

कोनीतरी श्वास घेऊन राहिलं होतं. मांगं एस्टीचा हॉर्न वाजला. भंडारा होतं, माय नोहती.

"माय, मी बोलून राहिलो."

श्वासही थांबला. मंग खरखर, अन् लाइन गेली.

साहेब म्हनले, "तार करून विचारू का रे?"

"नको साहेब."

विचारलं असतं तं उत्तर आलं असतं. पुढची पाळी म्या डाक्टरले देली. सुतक पाळावं का नाही समजे ना, म्हनून अर्धं पाळलं. गोड चाखनं सोडलं. एकडाव शिऱ्यात साखरीच्या जागी मीठ पडलं, अन् माझं सुतक साऱ्यायनं खाल्लं.

मंग जहाज आलं. गावच्या फाट्यावर एक ओळखीचा दिसला, त्यानं काही सांगू नये म्हनून म्या तोंड फिरवलं. भर दुपारी घरापुढं आलो. ओसरीत माय तांदूळ पाखडून राहिली होती.

"माय."

तिनं वर पाहिलं नाही. उन्हात उभा असून मले तिथल्यावानी थंडी वाजली. वाटलं, गेली ते माय नाही, मीच गेलो, तिकडंच बर्फात.

"माय, मी आलो."

तिचे हात थांबले. मान वर नाही.

"माय वं."

"ओ," माय म्हनली. "आला का?"

मी खालीच बसलो. "फोनवर ओ काहून नाही देली?"

"दोनच हाका मारल्या तू. तुहा भाऊ बाहेर एस्टी थांबवून होता, मी एकटी तिसरीची वाट पाहून राहिली होती, तं फोनच मेला. भूत तिसरी हाक मारत नाही, हे लहानपनी शिकवलं होतं तुले. जिथं सूर्य नाही तिथून, यमाच्या दिशेनं कोनी माय माय करन, अन् मी ओ देऊ? तवापासून मी तुले गेलाच समजून होती."

"तुह्या पोराचा आवाज ओळखला नाही तू?"

माय सूप झटकून उठली.

"सरकारनं सांगतलेलं ध्यानात राहिलं, मायनं सांगतलेलं नाही. अक्कल तं आधीच नोहती तुले. जाय, पाय धू."