काळ्या दगडाची कमान
जवसाची चटणी कुटायला घेतली की मला पंचवटीतला तो चित्रकलेचा वर्ग आठवतो, कारण तैलरंगात मिसळायचं तेलही जवसाचंच, आणि त्याचा वास तिथे अगदी जिन्यापर्यंत यायचा. चाळिशी उलटल्यावर, नोकरी सांभाळून मी तिथे जात होते. सरांनी मला एका जुन्या युरोपीय निसर्गचित्राची नक्कल करायला दिली होती. त्यात सोनेरी संध्याकाळ होती, नदी होती आणि काठावर पिवळसर दगडाची पडकी कमान. हेही जमलं नाही तर रंग माळ्यावर टाकायचे, असं मी ठरवूनच टाकलं होतं. आभाळ जमलं, झाडं जमली, पण कमानीची सावली गडद करता करता ती अख्खी काळीभोर झाली, आणि तिच्या पायथ्याशी मूळ चित्रात नसलेल्या, पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्याही आल्या. रोज गोदाघाटावरून ये-जा करणाऱ्या हाताने घाटच रंगवला होता. मी चिडून रंग खरवडायची सुरी उचलली, तेवढ्यात मागून सर म्हणाले, “थांबा हो, अख्ख्या चित्रात तेवढंच तर तुम्ही स्वतः पाहिलेलं आहे.” मग त्यांनी एक कोरा कॅनव्हास माझ्या हातात दिला. “उद्या इथे येऊ नका, घाटावर बसा.” ती नक्कल अजून अर्धवटच आहे. घाटावरचं पाणीही मला अजून मनासारखं जमलेलं नाही, पण आज ऊन छान पडलंय, चटणी डब्यात भरली की निघतेच.