नववी 'ब'चा संप

माझ्या नवऱ्याला हे माहीत नाही. बहिणीला माहीत नाही, आणि तिला तर मी आमटीत मीठ जास्त पडलं तरी लगेच मेसेज करते. शाळेत कुणाला कळलं असण्याचा प्रश्नच नाही. म्हणजे तुम्हीच पहिले. तुम्हीच का, ते विचारू नका — मला तरी कुठे ठाऊक आहे?

आणि एक आधीच सांगून टाकते. हे सांगताना मला मजा येणार आहे. अजूनही येते. तो दिवस आठवला की हात हवेत जायला लागतात, आवाज चढतो. तुम्ही म्हणाल, ही बाई कबुली द्यायला बसली आहे की गोष्ट रंगवायला? रास्त आहे. पण ती मजा बाजूला काढून मला हे सांगताच येत नाही, कारण सगळं झालं ते त्या मजेपायीच.

मी शारजातल्या एका भारतीय शाळेत इतिहास शिकवते. नाशिकहून लग्न करून आले आणि इथेच रुळले. ही कोरोनाच्या आधीची गोष्ट. नववीला एक धडा होता — एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची अमेरिका. जहाजं भरभरून माणसं येताहेत, आयर्लंडमधून, इटलीतून, पोलंडमधून. गिरण्या, पोलादाच्या भट्ट्या, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम. मग कामगारांच्या संघटना, मग संप, मग पोलीस. इतकं सगळं घडलेलं, आणि पुस्तकात ते चार मुद्द्यांत उरकलेलं! मुलं जांभया देत होती. मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, हे वाचायचं नाही. हे खेळायचं.

बाकं सरकवली. वर्गाची गिरणी केली. काम काय, तर रद्दीच्या पिशव्या चिकटवायच्या. मी मालकीण — नवऱ्याचा कोट घातला, हातात लांब पट्टी. नियम एकच: प्रत्येकाने फक्त घरची भाषा बोलायची, इंग्रजी बंद. आणि मल्याळीशेजारी पंजाबी, तमिळशेजारी मराठी, उर्दूशेजारी गुजराती असं मी मुद्दाम बसवलं. तिकडचे काही मालक असंच करायचे ना, एका भाषेची माणसं शेजारी ठेवायचीच नाहीत! मग मी वेग वाढवत नेला. हसलास? डब्याची सुट्टी रद्द. पिशवी वाकडी? उभी राहा. एक मुलगी वैतागून म्हणाली, "मिस, धिस इज सो अनफेअर!" मी पट्टी आपटली, "इंग्रजी नाही! रडायचं तर इटालियनमध्ये रड!"

तिसऱ्या दिवशी काय झालं असेल? मागच्या बाकावरून ठकठक आली. दोन ठोके, जरा थांबून एक. मग शेजारच्या बाकावरून. मग पलीकडून. भाषा नव्हती तर पोरांनी ठोके शोधून काढले होते! सगळे हात एकदम थांबले. कुणी हसेना, कुणी बोलेना. मी मालकीण म्हणून ओरडले, धमकावलं, गयावया केली — गिरणी बंद ती बंद. आणि आतून मी इतकी खूष झाले की डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईंना जे मिळत नाही ते मला त्या तासाला मिळालं, असं वाटलं.

प्रिन्सिपल मॅडमनी दारातून पाहिलं आणि म्हणाल्या, हे ॲन्युअल डेला बसवा.

तालमी शाळा सुटल्यावर असायच्या. उशिराच्या बसने जाणारी मुलं थांबायची, आणि त्या बसवरच्या विमलताई हॉलच्या मागच्या दारात उभ्या राहून बघायच्या. मुलांना बसमध्ये चढवणं-उतरवणं, पट्टे लावणं, झोपलेल्यांना उठवणं हे काम करणाऱ्या बायकांना इथे नॅनी म्हणतात. शाळेच्या नव्हेत, ट्रान्सपोर्ट कंपनीच्या. विमलताई सोलापूरच्या. तिकडे विड्या वळायच्या, विडी कामगार बायकांच्या युनियनमध्ये होत्या, मोर्चात पुढे चालायच्या. मुलीला नर्सिंगला घातलं आणि त्यासाठी इकडे आल्या. मुलीचं दुसरं वर्ष चालू होतं. इतक्या अभिमानाने सांगायच्या, जणू कॉलेजात त्या स्वतःच जातात.

एक दिवस त्यांना राहवलं नाही. "असं हुबं राहून संप करत्यात व्हय?" त्या म्हणाल्या. "बसायचं. बसलेल्या माणसाला उचलायला लई ताकद लागती." आणि युनिफॉर्मच्या पँटवर त्या स्टेजवर फतकल मारून बसल्याच! मुलं वेडी झाली. "विमल आंटी, अगेन! शो अस अगेन!" मग नाटकात सगळी मुलं बसायला लागली आणि नाटक एकदम उभं राहिलं. ॲन्युअल डेला पालक खुर्च्यांवरून उठून टाळ्या वाजवत होते. माझे फोटो काढले गेले. मी आठवडाभर जमिनीवर नव्हते.

इथपर्यंत सांगायला काय जातं? इथपर्यंत मी हे शंभर जणांना सांगितलं आहे. स्टाफ ट्रेनिंगमध्ये स्लाइडसकट सांगितलं आहे.

पुढचं — थांबा, जरा पाणी पिते.

उन्हाळा सुरू झाला होता. सकाळी मुलं उतरली की बस पार्किंगमध्ये लागायच्या, इंजिन बंद, एसी बंद. ड्रायव्हर लोकांना एक खोली होती. नॅनींना काही नव्हतं. दुपारी शाळा सुटेपर्यंत त्या भिंतीच्या सावलीला पुठ्ठे टाकून बसायच्या. सावली सरकेल तशा सरकायच्या. खोली मागून मागून त्या दमल्या होत्या. मी एकदा त्यांना ॲन्युअल डेचा उरलेला केक द्यायला गेले. नाटकाची नशा उतरली नव्हती. मी म्हटलं, "विमलताई, नॅनी बसमध्ये चढल्याशिवाय बस हलवायची नाही, असा नियमच आहे ना? मग? नववी 'ब'ने करून दाखवलं, तुम्ही कधी करणार?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत. "हितं चालत न्हाई मॅडम असलं. घालवून देत्यात."

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. बसले का? उलट चेवच चढला. म्हटलं, अहो, संप कुठे म्हणते मी, नुसतं बसून राहायचं! आणि हे एकदा बोलून मोकळी झाले असते तरी म्हणता आलं असतं की बोलण्याच्या ओघात गेलं तोंडून. पण मी दुसऱ्या दिवशी परत गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. त्यांच्यात केरळच्या होत्या, नेपाळच्या होत्या, फिलिपिन्सच्या होत्या. मी म्हटलं, ठोके वाजवा, ठोके सगळ्यांना कळतात. कुणी एक शब्द बोलायचा नाही. दिवससुद्धा मीच ठरवून दिला! गुरुवारी शाळा बघायला बाहेरचे पाहुणे येणार होते, ते मला मीटिंगमध्ये कळलं होतं. म्हटलं, गुरुवारी करा. मी परत खेळच खेळत होते. यावेळी कोट नव्हता आणि समोर मुलं नव्हती, एवढाच फरक.

गुरुवार! काय सांगू तुम्हाला! बस ओळीने लागलेल्या, मुलं रांगेत उभी, आणि विमलताईंनी पाण्याची स्टीलची बाटली बसच्या पत्र्यावर वाजवली. दोन ठोके, जरा थांबून एक. एकेक नॅनी भिंतीला टेकून खाली बसली. मी पहिल्या मजल्यावर स्टाफरूमच्या खिडकीत होते, ओढणी दातात धरून. ड्रायव्हर हॉर्न वाजवताहेत, ट्रान्सपोर्टचा सुपरवायझर "यल्ला, यल्ला, उठो!" म्हणून ओरडतोय, खाली पालकांचे फोनवर फोन, पाहुणे कोपऱ्यात उभे राहून बघताहेत — आणि त्या बायका ढिम्म! सुपरवायझर ओरडून थकला, मग हात जोडायला लागला. शेवटी प्रिन्सिपल मॅडम स्वतः उन्हात आल्या आणि खोली देते म्हणाल्या. तेव्हा कुठे त्या उठल्या. बस निघाल्या. मी रिकाम्या स्टाफरूममध्ये नाचले. खरंच नाचले, चपला काढून.

तेव्हा इथे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, रविवारी शाळा असायची. रविवारी सकाळीच मला ॲडमिनच्या साहेबांनी बोलावलं. दार लावून घेतलं. चहा मागवला. चांगला माणूस होता हो, उगाच त्याला खलनायक करत नाही. म्हणाला, "मॅडम, समबडी इज बिहाइंड धिस. ये औरतें खुद से ऐसा नहीं करेंगी. आपके ड्रामा में भी यही था ना?"

मी काय सांगायला हवं होतं? 'मी' — एवढंच. एका अक्षराचं काम होतं.

मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, "विमल सोलापुर में यूनियन में थी. बीडी वर्कर्स की. हमारी प्रॅक्टिस में रोज आती थी. बच्चों को भी उसीने बैठना सिखाया."

बघा, यातला शब्द न् शब्द खरा आहे. एकही खोटं वाक्य मी बोलले नाही. कितीतरी दिवस मी स्वतःला हेच ऐकवत होते. खरं बोलूनही माणूस इतकं खोटं बोलू शकतो, हे इतिहासाच्या बाईला तरी ठाऊक असायला हवं होतं, नाही का?

घाबरले होते का? होते. पण किती? माझा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर होता. मला फार तर झापलं असतं, फार तर काढलं असतं. पलीकडच्या शाळेत मी महिन्याभरात लागले असते. विमलताईंचा व्हिसा कंपनीचा होता; नोकरी गेली की देश सोडायचा. त्या खुर्चीत बसून, चहाचा घोट गिळताना, हे दोन्ही मला स्वच्छ दिसत होतं. त्यांची मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे हेही आठवत होतं. विसर पडला होता असं म्हणायला मला जागा नाही. आणि साहेब म्हणाले, "थँक यू मॅडम, यू आर व्हेरी ऑब्झर्व्हंट," तेव्हा — सांगू का हे? — मला बरं वाटलं. कौतुक झाल्यासारखं.

खोली झाली. पार्किंगच्या टोकाला पोर्टाकॅबिन, आत एसी, बाकं, पाण्याचा कूलर. सगळ्या नॅनी तिथे बसायला लागल्या. विमलताई तिथे एक दिवसही बसल्या नाहीत. कंपनीने व्हिसा रद्द केला. खलास. मी तो धडा अजून तसाच शिकवते, आणि मुलं अजून म्हणतात की मिस, बेस्ट क्लास एव्हर.

इथे थांबता आलं असतं. तुम्हाला वाटलं असेल, संपलं. पण मी ज्यासाठी सांगायला बसले ते अजून आलेलंच नाही.

जायच्या आदल्या दिवशी त्या शाळेत आल्या, युनिफॉर्म परत करायला. मी त्यांना पहिल्यांदाच साडीत पाहिलं. हिरवी, इस्त्रीची. मी जिन्यात होते आणि मला वर निघून जायचं होतं, पण त्यांनी हाक मारली. जवळ आल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि माझा हात दोन्ही हातांत घेतला.

"मॅडम, लई खोदून खोदून विचारलं मला," त्या हळूच म्हणाल्या. "कुणी शिकवलं, कुणी दिवस ठरवला. मी म्हटलं, कुणी न्हाई, माझ्याच डोस्क्यातलं. तुमचं नाव काढलं न्हाई. तुम्ही घोर करू नका." मग त्यांचा चेहरा एकदम खुलला. "पोरीचं बघू कायतरी. पण खरं सांगू? मजा आली मॅडम! एक बस हलली न्हाई!"

त्या माझ्याकडे बघत होत्या. मी काहीतरी म्हणेन म्हणून थांबल्या होत्या. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. सांगायला याहून चांगली वेळ मला परत मिळणार नव्हती, आणि ते मला तेव्हाच कळत होतं.

मी हात सोडवून घेतला आणि म्हटलं, "बरं केलंत."