नत्थूजीनं काढलेला वॉल

मे महिना लागला की लकडगंजात नत्थूजी मिस्त्रीच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग लागते. नागपूरच्या उन्हात इंजिन उकळू नये म्हणून नत्थूजी गाडीतला थर्मोस्टॅट काढून फेकतो. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ द्यायचं नाही, एवढंच त्या वॉलचं, म्हणजे व्हॉल्व्हचं, काम. नत्थूजीच्या मते तो थंड मुलखातल्या लोकांचा चोचला. चाळीस वर्षं त्यानं वॉल काढले आणि त्यावरच नाव कमावलं. वय पासष्टीचं, जीभ कानशीसारखी. चांगल्या चांगल्या गिऱ्हाइकांना 'बे' म्हणतो आणि ते हसून घेतात. आपलं चुकलं, असं त्याच्या तोंडून कुणी ऐकलेलं नाही.

महादेवराव हा रामदासपेठेतल्या डॉक्टर मधुसूदनांचा ड्रायव्हर. एकोणीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही. डॉक्टरांच्या म्हाताऱ्या आईला हिसका बसू नये म्हणून गाडी अशी न्यायचा की मागच्या सीटवर तिचा डोळा लागायचा. डॉक्टरांची नवी डिझेल गाडी गेल्या मेमध्ये त्यानंच विश्वासानं नत्थूजीकडे आणली. वॉल त्याच्या डोळ्यांसमोर निघाला.

डिसेंबरात थंडी पडली आणि गाडीनं तोंड फिरवलं. दवाखाना आला तरी तापमानाचा काटा तळाशीच. हीटर लावला तर गार वारा. मग मीटरमध्ये पिवळा दिवा लागला. नत्थूजीनं स्कॅनर लावून तो विझवला. चार दिवसांत दिवा परत आला, सोबत दुसरा घेऊन, आणि गाडी चढावर दम टाकू लागली. डॉक्टर म्हणाले, शनिवारी मिस्त्री काय सांगतो ते बघू. दोष तुझ्या चालवण्याचा असेल तर मी दुसरा माणूस बघतो. महादेवराव अठ्ठावन्नचा. या वयात त्याला दुसरं स्टेअरिंग कोण देणार?

शुक्रवारी सकाळी तो थंड गाडी घेऊन आला. नत्थूजीनं इंजिन चालू करून रेडिएटरच्या वरच्या पाइपवर पंजा ठेवला. वॉल असला तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि मग एकदम चटका देतो. हा पहिल्यापासूनच इंजिनसोबत हळूहळू कोमट होत गेला. नत्थूजीच्या हाताला कळायचं ते कळलं. जुन्या गाड्यांनी त्याची कारागिरी पचवली होती. या नव्या गाडीच्या सायलेन्सरमधली जाळी इंजिन पुरतं तापल्याशिवाय आपली काजळी जाळत नाही. इंजिन तापलंच नाही, जाळी तुंबली. महादेवरावानं हळूच विचारलं, मेमध्ये काढलेल्या त्या तुकड्यामुळं तर नसेल? नत्थूजी हात पुसत म्हणाला, उद्या साहेबाले घेऊन ये.

शनिवारी डॉक्टरांनी उभ्याउभ्याच विचारलं, दोष यंत्राचा की माणसाचा?

"माणसाचा," नत्थूजी म्हणाला. "डिझेल गाडीले जोरात पयवा लागते साहेब, नाई तं कार्बन साचते. हा तं जशी मांडवात नवरी आणून राहिला."

चहा पीत उभी असलेली गिऱ्हाइकं हसली.

"नत्थूजी, साहेबाले त्या वॉलचं सांगा ना जी," महादेवराव म्हणाला. "तुमीच काढला होता."

"काहून बे, आता तू मले इंजिन शिकवशील? एकोणीस साल स्टेअरिंग धरलं, बोनट उघडाची अक्कल आली नाई. नोकरी चालली तं मिस्त्रीच्या अंगावर घालून राहिला."

रिपोर्टाशिवाय रोग्याला हात न लावणाऱ्या डॉक्टरांनी इथे कसलाच रिपोर्ट मागितला नाही. चावी मागितली. महादेवरावानं ती दिली, गाडीतून आपला दुपट्टा आणि पाण्याची बाटली काढली आणि ऑटोच्या शोधात निघाला.

सोमवारी नत्थूजीनं गुपचूप नवा वॉल बसवला आणि गाडी वर्धा रोडवर चाळीस किलोमीटर दामटून आणली. जाळी मोकळी झाली, दिवे गेले, काटा मधोमध येऊन बसला. डॉक्टरांनी लगोलग ठेवलेल्या नव्या ड्रायव्हरचा पाय चांगला आहे, असं त्यानं त्यांना सांगितलं. डॉक्टरांनी ते आणखी दहा जणांना सांगितलं.

महादेवराव दोन महिने फिरला. एकोणीस वर्षांची नोकरी काहून सुटली, हे जो तो विचारायचा. बहुतेकांना आधीच माहीत असायचं. फेब्रुवारीत तो नत्थूजीकडेच आला. हे विचारणार नाही असा शहरात हा एकच माणूस उरला होता. नत्थूजीनं त्याला गाड्या धुवायला ठेवलं.

"पाणी हयूच, अलगद मारा लागते," तो म्हणाला. "तुले जमते."

पंधरा दिवसांनी डॉक्टरांची गाडी सर्व्हिसिंगला आली. महादेवरावानं एक बाजू धुतली. दुसरी बाजू भिंतीला लागून होती, गाडी दहा फूट पुढे घ्यायला हवी होती. त्यानं चावीसाठी हात पुढे केला. नव्या ड्रायव्हरनं नत्थूजीकडे पाहिलं.

"त्याले नको देऊ," नत्थूजी म्हणाला. "दहा फुटांत कार्बन साचवन तो."

नवा ड्रायव्हर हसत आत बसला आणि झटक्यात गाडी पुढे घेतली. महादेवराव पाइप सावरत बाजूला झाला. गाडी थांबल्यावर तो राहिलेली बाजू धुवायला लागला.