काळा स्क्रीन आणि बुजवलेली विहीर

पंखा फिरत होता, हार्ड डिस्क आत करकरत होती आणि स्क्रीन काळाठिक्कर. भर दुपारी, धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीपलीकडच्या एका गावात, कुसुमबाईंच्या घरातल्या बंद खोलीत मी, कंप्युटर दुरुस्तीवाला, त्या जुन्या वर्कस्टेशनसमोर बसलो होतो. वर्कस्टेशन म्हणजे आपल्या पीसीचा थोरला भाऊ, नकाशांसारख्या जड कामाचा. बाईंचे मालक भूजल सर्व्हेत होते. निवृत्तीनंतरही नकाशे याच मशीनवर काढायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

बाईंनी स्वतःची जागा अंगणवाडीला दिलेली. दुसऱ्या दिवशी भूमिपूजन, लगेच पायाखोदाई. त्या जागेत एक बुजवलेली विहीर आहे, एवढंच मालक सांगून गेले होते. कुठल्या कोपऱ्यात, ते नकाशात. गावातल्या तीन म्हाताऱ्यांनी तीन कोपरे दाखवले, आणि सरपंच थांबायला तयार नव्हते.

"लेकरं बसणार हाईत तिथं," बाई म्हणाल्या. "माझ्या डोळ्याला डोळा न्हाय."

मी मॉनिटर बदलला. व्हिडिओ केबल बदलली. काळंच. डिस्क काढून लॅपटॉपला लावावी, तर तसला जोड धाराशिवात कुणाकडं नाही. मी चिडलो होतो, खोटं कशाला बोलू.

मग कन्सोल केबल काढली. अशा मशीनला मागं एक पोर्ट असतं. स्क्रीन नसला तरी तिथून ते अक्षरांत बोलतं. लॅपटॉप जोडला, तरी चिडीचूप. दहा मिनिटांनी माझाच गाढवपणा कळला. साधी केबल लावली होती, म्हणजे तोंडाला तोंड आणि कानाला कान. इथं उलटसुलट तारांची केबल लागते, एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला. ती लावून एंटर दाबलं.

लॅपटॉपवर इंग्रजी अक्षरांत दोनच शब्द उमटले. KON AAHE?

माझा हात कीबोर्डवरून मागं आला. परत एंटर दाबलं. परत तेच. कोण आहे?

बाई भिंतीला टेकल्या. दार वाजलं की मालक याच खोलीतून हेच विचारायचे म्हणे, मान वर न करता. मी समजावलं, की लॉगिनच्या जागी त्यांनी स्वतःचे शब्द घातलेत, त्यात काही नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला तो आलाच.

बाईंनी एका बोटानं आपलं नाव टाईप केलं. मशीननं पासवर्ड न विचारता आत घेतलं. त्यांच्या नावाचं खातं मालकांनी करून ठेवलं होतं, आणि बाईंना पत्ता नव्हता. त्या रडल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

नकाशाची फाईल सापडली, पण नकाशा अक्षरांत दिसत नाही. त्याला स्क्रीनच पाहिजे. मशीन रीस्टार्ट केलं आणि लॅपटॉपवर पहिलीच ओळ आली, कीबोर्ड सापडत नाही. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. कीबोर्ड नसला की हे मशीन समजतं, समोर माणूस नाही. मग स्क्रीन बंद ठेवून सगळं मागच्या पोर्टातून बोलतं, ऐकायला कुणी असो नसो.

कीबोर्ड तर लावलेला होता. प्लग उपसून बघितला, तर पिनांवर लालभडक थर.

"खंडेनवमीला पूजलं व्हतं," बाई म्हणाल्या. "त्यांचं हत्यारच ना ते."

पाटावर मांडून प्लगच्या तोंडालाच हळदकुंकू वाहिलेलं. ब्रशनं पिना साफ केल्या, मशीन परत चालू केलं. स्क्रीन उजळला. तिथंही तोच प्रश्न. बाईंनी या वेळी नाव तोंडानं म्हणत टाईप केलं.

विहीर ईशान्येच्या कोपऱ्यात होती. पायाचा पहिला खड्डा आपण तिथंच घेतो, आणि जुन्या लोकांनी विहीरही त्याच वास्तुशास्त्रानं तिथंच पाडलेली. पायाच्या आखणीच्या पांढऱ्या फक्कीच्या रेघा सकाळीच मारून झाल्या होत्या, बरोबर तिच्यावर.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. सरपंचांना नकाशा पटेना. म्हणाले, कंप्युटरचं काय खरं, पहार मारून बघू. मिस्त्रीनं दोन घाव घातले, जमीन घट्ट. तिसऱ्या घावाला अख्खी पहार त्याच्या हातातून निसटून आत गेली. विहीर तोंडापुरतीच बुजवली होती, आत पोकळ. खाली पाण्यात पडल्याचा आवाज लई उशिरा आला.

सरपंच एकेक पाऊल मागं सरले आणि स्वतःच्या हातानं खुंट्या उपटायला लागले. अंगणवाडी आता जागेच्या दुसऱ्या टोकाला आहे, विहिरीवर लोखंडी जाळी. आमच्या धंद्यात स्क्रीन काळा दिसला, की गिऱ्हाईक मशीन भंगारात द्यायला निघतं. मी म्हणतो, आधी उलटसुलट तारांची केबल लावून एकदा ऐकून तर घ्या.