थेंबाचे साक्षीदार

"आधी डोळा लावा, मग बोला."

हे वाक्य मी सहा वर्षं ऐकलं. सकाळी लॅबचं कुलूप काढताना ऐकलं, डबा उघडताना ऐकलं, मालाचा ट्रक दारात उभा असताना तर हमखास ऐकलं. आप्पा खिशातून पितळी पत्र्याची एक पट्टी काढायचे. तिच्या मधोमध मोहरीएवढा काचेचा मणी बसवलेला असे. ती समोरच्याच्या हातात द्यायची आणि त्याने डोळा लावेपर्यंत वाट अडवून उभं राहायचं, ही त्यांची पद्धत. चिडून काही उपयोग नसे. मी सगळे प्रकार करून पाहिले होते.

सिल्वासात आमलीजवळच्या एका कापडाच्या कारखान्यात आम्ही कामाला होतो. आप्पा कापड तपासायचे. खालून ट्यूबलाइट लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि ते भिंग लावून एका इंचात उभे धागे किती, आडवे किती ते मोजायचे. मी लॅबमध्ये केमिस्ट. त्यांनी मोजायचं, मी अहवालावर सही करायची, माल जायचा. इतकं सरळ काम, पण आप्पा मधे असले की सरळ राहायचं नाही. धागे मोजता मोजता थांबायचे आणि म्हणायचे, "ताई, हॉलंडवाला पण हेच करायचा बरं का."

हा हॉलंडवाला कोण, ते सांगायला हवं. आप्पा चोपड्याकडचे, शिक्षण दहावीपर्यंत. कधीतरी रद्दीत त्यांना विज्ञानाचं एक जुनं मराठी पुस्तक मिळालं होतं. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. त्यात साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या एका कापड दुकानदाराची हकिगत होती. हा गृहस्थ कापडाचे धागे तपासायला भिंग वापरायचा. पुढे स्वतःच काच घासून बारीक बारीक भिंगं करायला लागला आणि त्यातून जे दिसेल ते पाहत सुटला. तळ्याच्या पाण्यात त्याला वळवळणारे जीव दिसले, जे तोवर कोणीच पाहिले नव्हते. कॉलेज नाही, विद्वानांची भाषा येत नाही, तरी आयुष्यभर लंडनच्या विद्वानांच्या मंडळाला आपल्या साध्या बोलीत पत्रं लिहून कळवत राहिला. मी एकदा मोबाइलवर शोधून त्याचं खरं नाव आप्पांना सांगितलं. त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं, जिभेवर बसेना, म्हणाले, "राहू द्या. कापडवाला आहे, तेवढं पुरे आहे आपल्याला."

तुमच्याही ओळखीत एखादा असा असेल, ज्याला एकाच माणसाचं वेड लागलेलं असतं. गायकाचं, बुवांचं, पुढाऱ्याचं. पण त्या वेडाचा त्रास शेजाऱ्याच्या पोटापर्यंत पोचत नाही. माझ्या पोचला. एका उन्हाळ्यात तहानेनं जीव कासावीस झाला म्हणून लॅबच्या खिडकीतला झाकलेला ग्लास मी तोंडाला लावला. घशात आगच पेटली. ते आप्पांचं तीन आठवडे भिजवलेलं मिरीचं पाणी होतं. मिरी तिखट का लागते ते बघायला हॉलंडवाल्यानं ती पाण्यात भिजत ठेवली होती आणि त्यात त्याला जीवच जीव दिसले होते. मी खोकून बेजार झाले होते, आणि आप्पा ग्लास उजेडाकडे धरून म्हणाले, "निम्मं तरी ठेवायचं ना, ताई. लंडनवाल्यांनी पण आधी विश्वास नव्हता ठेवला. मग त्यांच्यातल्याच एकानं असंच मिरीचं पाणी ठेवलं, तेव्हा त्यांना दिसलं."

लॅबमधल्या काचेच्या नळ्या कमी का होतात, याचा शोध मला असाच लागला. आप्पा फुटलेली नळी बर्नरवर धरून तिची तार ओढायचे आणि तारेचं टोक पुन्हा ज्योतीत धरून मणी करायचे. फुटलेली नसली, तर फुटायची. एकदा त्यांनी कँटीनमध्ये कामगारांच्या दातांवरचा मळ काडीवर मागितला, कारण हॉलंडवाल्यानं तेही पाहिलं होतं. तक्रार अर्थात माझ्याकडे आली. त्यांच्या बायकोला, काकूंना, मी एकदा सहज विचारलं की घरी तरी शांत असतात का. त्या म्हणाल्या, "माझ्या चहाच्या कपाला भिंग लावतो हा माणूस. मी आता उभ्यानंच पिऊन टाकते."

पण एक सांगते. त्यांनी मोजलेले धागे कधीही चुकले नाहीत. आणि न पाहिलेली गोष्ट पाहिली, असं ते कधी म्हणाले नाहीत.

आप्पा ठेकेदाराचे कामगार होते. त्याच ठेकेदाराची डोकमर्डीला बावीस खोल्यांची चाळ होती आणि आप्पा-काकू तिथंच राहायचे. दिवाळीनंतर त्या चाळीत आजारपण सुरू झालं. आधी दोन-तीन घरांत उलट्या, मग काविळीचे रोगी. आप्पांच्या शेजारच्या खोलीत नंदुरबारकडची एक मुलगी होती, सातवा महिना चालू असलेली. ती पिवळी पडली आणि तिला इस्पितळात ठेवावं लागलं. गरोदरपणात कावीळ म्हणजे काय, ते डॉक्टरांनी तिच्या नवऱ्याला व्हरांड्यात उभं करून सांगितलं. काकू डबा घेऊन गेल्या होत्या. त्या तिथून रडत परतल्या.

दुसऱ्या दिवशी आप्पा दोन बाटल्या घेऊन लॅबमध्ये आले. एकीत रस्त्यावरच्या नळाचं पाणी, दुसरीत चाळीच्या जमिनीखालच्या टाकीचं. केसासारख्या नळीत थेंब घेऊन त्यांनी पट्टी माझ्यापुढे केली. त्या दिवशी चार लॉट अडकले होते. मी म्हटलं, "आप्पा, आज नाही."

"इटलीत पण असे पंडित होते, ताई. दुर्बिणीतून गुरूचे चंद्र दिसतात म्हटलं, तर दुर्बिणीला डोळा लावायलाच तयार नव्हते."

मी रागानंच डोळा लावला. नळाच्या पाण्यात काही नव्हतं. टाकीच्या पाण्यात धूसर हिरवट उजेडातून ठिपके पळत होते, थांबत होते, वळत होते.

"हलताहेत खरे, पण यांच्यामुळे कावीळ होत नाही," मी म्हटलं. "काविळीचे विषाणू तुमच्या या मण्यात दिसणारच नाहीत."

"मी कुठं म्हणून राहिलो, कावीळ होते म्हणून? मी एवढंच म्हणतो, नळात हे नाहीत आणि टाकीत आहेत. मधे काहीतरी शिरून राहिलंय."

त्यांनी मोबाइलवर त्याचं चित्रणही केलं होतं. ते ठेकेदाराला दाखवलं, तर तो हसला. "आप्पा, आ तो यूट्यूबमांथी उतार्युं छे. पाणी चोख्खुं छे," म्हणाला आणि फोन परत दिला.

मला वाटलं, विषय संपला. आप्पांनी मात्र एक फुलस्केप कागद घेतला. हॉलंडवाल्यावर कोणी विश्वास ठेवेना, तेव्हा त्यानं गावातले प्रतिष्ठित लोक घरी बोलावले होते. चर्चचे धर्मगुरू, नोटरी अशा लोकांनी भिंगातून पाहायचं आणि काय दिसलं ते लिहून सही करायची. ते कागद त्यानं लंडनला पाठवले होते. आप्पांनी तेच करायचं ठरवलं. देवळाचे पुजारी, मशिदीतले मौलाना, अंगणवाडीच्या बाई, नाक्यावरचा शिंपी, औषधाच्या दुकानातला फार्मासिस्ट. प्रत्येकाकडे दोन बाटल्या घेऊन ते गेले. कोणती बाटली कुठली, हे आधी सांगायचं नाही. पाहिल्यावर माणसानं स्वतःच्या भाषेत लिहायचं. कोणी गुजरातीत लिहिलं, कोणी हिंदीत. मौलानांनी तर दोन्ही बाटल्या तीनदा अदलून-बदलून पाहिल्या, मगच सही केली.

माझ्याकडे ते सर्वांत आधी आले होते, हे मी मुद्दाम आत्ता सांगते आहे. "तुम्ही बी.एस्सी. आहात, ताई. पहिली सही तुमची."

मी नाही म्हटलं. कारणं खूप दिली. मी या कामासाठी नेमलेली नाही, लॅबचा संबंध नको, पाण्याची रीतसर तपासणी वेगळी असते. ती सगळी खरीही होती. पण त्या ठेकेदाराचं मॅनेजरच्या केबिनमध्ये रोजचं बसणं होतं आणि माझी नोकरी सहा वर्षांनंतरही कायम झालेली नव्हती. हे मी बोलले नाही. आप्पांना ते कळलं असावं. त्यांनी कागदाची घडी घातली, "बरं" म्हणाले आणि टेबलाकडे जाऊन धागे मोजायला लागले. मी मात्र दिवसभर त्यांच्यावरच चिडत राहिले. या माणसाला एक तपासणीचं काम धड करता येत नाही का, जगाची टाकी याच्याच डोक्यावर का, असं मनाशी म्हणत राहिले.

कागद आरोग्य खात्यात गेला. तिथला एक तरुण साहेब तो घेऊन आमच्या कारखान्यात चौकशीला आला, कारण आप्पांचा पत्ता तोच दिला होता. त्यानं कागद माझ्या टेबलावर पसरला. नऊ सह्या होत्या. सगळ्यांच्या वर, पहिल्या ओळीत, आप्पांच्या ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "एका शिकलेल्या मॅडमनी दोन्ही पाणी पाहिलं. टाकीच्या पाण्यात हालचाल आहे म्हणाल्या. सही दिली नाही."

नाव नव्हतं. साहेबानं विचारलं, "या मॅडम कोण, माहीत आहे?" मी मान हलवली. होकाराची की नकाराची, ते त्याला कळलं नसावं.

साहेबानं टाकी उपसायला लावली, तेव्हा तळाशी भिंतीला भेग सापडली. शेजारून जाणारा सांडपाण्याचा पाइप फुटून त्या भेगेतून झिरपत होता. टाकी रिकामी केली, पाइप बदलला, औषध टाकलं. महिन्या-दीड महिन्यात नवे रोगी येणं थांबलं. नंदुरबारची मुलगी इस्पितळातून सुटली. मूल आठव्या महिन्यातच झालं, फार लहान होतं, पण जगलं.

आप्पांना ठेकेदारानं महिनाअखेरीला थांबवलं. कारण दिलं नाही. खोलीही रिकामी करायला सांगितली. मॅनेजरपुढे मी दोन वाक्यं बोलले, ती मला स्वतःलाही नीट ऐकू आली नाहीत.

ते जायच्या दिवशी मी रजा टाकून डोकमर्डीला गेले. टेम्पोत सामान भरलं होतं, काकू पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या. मी म्हटलं, "आप्पा, त्या कागदाची झेरॉक्स असेल ना तुमच्याकडे? मी सही करते."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. रागानं नाही, दुसऱ्या कोणी चुकीचे मोजलेले धागे परत करताना हलवायचे तशी.

"तेव्हा नव्हती केली, ताई. आता तिथं कशी घालू? मग बाकीच्या नऊ जणांच्या पण खोट्या वाटतील."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता. एवढ्या दूर उन्हात आलेल्या माणसाला एक सही करू न देणारा दुसरा कोणी मी पाहिलेला नाही. मी निघायला वळले, तर ते म्हणाले, "थांबा जरा."

टेम्पोतल्या पिशवीतून त्यांनी कोरा कागद काढला. मग टाकीच्या नळाखाली बाटली धरली, थेंब घेतला आणि पट्टी माझ्या हातात दिली. "आजचं पाणी आहे. काय दिसतं ते लिहा."

काकू आतून म्हणाल्या, "अहो, गाडीवाला थांबलाय."

"थांबू दे. ताई, घाई करू नका. नीट पाहा."

मी मणी डोळ्याशी नेला. नुसता उजेड होता, स्वच्छ आणि गोल. मी नळी फिरवली, पुन्हा पाहिलं, दुसरा थेंब मागितला. तोही तसाच. इतका वेळ मी आयुष्यात कशाकडे पाहिलं नसेल. आप्पा शेजारी पेन धरून उभे होते.

मग टेम्पोच्या फाळक्यावर कागद ठेवून मी लिहिलं: "टाकीच्या पाण्याचे दोन थेंब पाहिले. काहीही हलताना दिसलं नाही." खाली पूर्ण नाव, शिक्षण, तारीख लिहिली आणि सही केली.

त्यांनी तो कागद एकदा वाचला, उन्हात धरून शाई वाळू दिली आणि पाकिटात घातला. पाकिटावर आरोग्य खात्याचा पत्ता त्यांनी आधीच लिहून ठेवलेला होता.